शीटमधल्या रंगांवरून ओळी निवडून सीएसव्ही कशी काढायची : फराळाच्या ऑर्डरींवरून शिकलेली पद्धत

आमचा बचत गट डोंबिवलीत दरवर्षी दिवाळीचा फराळ करतो. चकली, करंजी, अनारसे, चिवडा, बेसनाचे लाडू असा डबा. निम्म्याहून जास्त डबे कुरियरने जातात, काही थेट परदेशात. ऑर्डरी एका एक्सेल शीटमध्ये असतात आणि ते शीट एका वेळी चारपाच जणी हाताळतात. कुणी फोनवर ऑर्डर घेते, कुणी पैसे जमा झाले का बघते, कुणी डबे भरते. प्रत्येक जण आपापली खूण रंगाने करते. पैसे आले की पिवळा, डबा गेला की हिरवा, ऑर्डर रद्द झाली की लाल. पत्ता बदलला की जुन्या पत्त्यावर आडवी रेघ, आणि घाईचं असेल तर नाव ठळक.

एका वर्षी कुरियर कंपनीच्या पोर्टलवर सगळे पत्ते एकदम चढवायचे होते. पोर्टल फक्त सीएसव्ही फाइल घेतं. मी पिवळ्या रंगावर फिल्टर लावला, समोर १३१ ओळी दिसल्या, 'सेव्ह ॲज' करून सीएसव्ही केली आणि चढवली. पोर्टलवर २१४ लेबलं तयार झाली. पाठवून झालेले ४६, रद्द झालेले १७ आणि पैसे न आलेले २०, सगळेच आत गेले होते. लेबलं छापून डब्यांवर लागली, आणि चूक लक्षात येईपर्यंत रद्द केलेल्या ९ जणांकडे डबे निघाले होते.

कारण साधं आहे. सीएसव्ही ही साध्या मजकुराची फाइल असते: स्वल्पविरामाने तोडलेला सेलमधला मजकूर आणि ओळीच्या शेवटी नवी ओळ. तिच्यात रंग, ठळकपणा किंवा आडवी रेघ साठवायला जागाच नसते. फिल्टरने लपवलेल्या ओळींचं लपलेपणही तिच्यात जात नाही, त्या सरळ लिहिल्या जातात. म्हणून रंगाचा अर्थ बाहेर न्यायचा असेल, तर आधी तो अर्थ शब्द करून एका रकान्यात बसवावा लागतो. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

तुमच्याकडे फराळाऐवजी सोसायटीचा देखभाल खर्च असेल, शाळेची शिष्यवृत्तीची यादी असेल, लग्नाच्या पाहुण्यांची यादी असेल. पद्धत तीच राहते.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते. या लेखात मेनूंची आणि सूत्रांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. शीटमध्ये सूत्र टाइप करताना ती रोमन अक्षरांतच लिहायची.

काय काय लागेल

- मूळ शीट, आणि ते ज्यांनी ज्यांनी रंगवलं त्या सगळ्यांशी बोलायला अर्धा तास
- एक्सेल २००७ किंवा त्यानंतरचं (रंगावरून फिल्टर तेव्हापासून आहे), किंवा गूगल शीट्स, किंवा लिबरऑफिस कॅल्क ७.२ किंवा पुढचं
- ज्या पोर्टलवर फाइल चढवायची त्याचा नमुना, म्हणजे कोणते रकाने, कोणत्या क्रमाने, कोणत्या नावाने. बहुतेक पोर्टलवर नमुना फाइल उतरवून घेता येते
- तपासणीसाठी नोटपॅड किंवा तसाच कुठलाही साधा मजकूर-संपादक
- कागद आणि पेन. आकडे लिहून ठेवायला लागतात, आणि ते शीटच्या बाहेर असलेले बरे

पायरी १ : प्रत काढा आणि अनुक्रमांक द्या

मूळ फाइलची प्रत करा आणि नावात तारीख घाला. पुढचं सगळं काम या प्रतीवर.

प्रतीत अगदी डावीकडे एक नवा रकाना घालून त्यात १, २, ३ असे अनुक्रमांक भरा. सूत्राने नको, थेट आकडे. पुढे रंगानुसार क्रम लावताना ओळी वरखाली होतात, आणि मूळ क्रमावर परत यायला हाच आकडा उपयोगी पडतो. कुरियरच्या पोर्टलवर एखादी ओळ नाकारली गेली तर ती कोणती होती हेही यावरूनच सापडतं.

मग जोडलेल्या सेल शोधा. एकाच घरातून तीन डब्यांची ऑर्डर आली की तीन ओळींचा पत्ता जोडून एकच सेल करायची आपल्याकडे सवय असते. बघायला छान दिसतं, पण जोडलेल्या सेलमधला मजकूर फक्त पहिल्या ओळीत असतो. बाकीच्या दोन ओळी सीएसव्हीत पत्त्याविना जातात आणि फिल्टरमधूनही निसटतात. सगळं शीट निवडून 'मर्ज अँड सेंटर' काढून टाका आणि रिकाम्या सेलमध्ये पत्ता पुन्हा भरा.

पायरी २ : रंगांचा अर्थ लिहून घ्या

ही पायरी संगणकाची नाही, म्हणून लोक ती गाळतात. मीही गाळली होती.

शीटमध्ये दिसणारा प्रत्येक रंग कागदावर लिहा आणि ज्यांनी तो लावला त्यांना विचारा. आमच्याकडे विचारल्यावर कळलं की हिरवे दोन होते. गडद हिरवा म्हणजे 'डबा गेला' आणि पोपटी म्हणजे 'डबा भरून ठेवलाय, जायचा आहे'. मी दोन्ही एकच धरले असते तर भरून ठेवलेले डबे घरातच राहिले असते. उलटही घडतं. दोन पिवळ्यांचा अर्थ एकच होता, फक्त एकीने मोबाइलवरून रंग लावला आणि दुसरीने लॅपटॉपवरून, म्हणून छटा वेगळी पडली.

प्रत्येक रंगासमोर एकच शब्द ठरवा. आमचे शब्द असे होते: 'पाठवा', 'भरलेला', 'गेला', 'रद्द', 'थांबा'. बिनरंगाच्या ओळींनाही शब्द हवा, नाहीतर त्यांचं काय करायचं हे शेवटी कुणालाच माहीत नसतं.

शब्द निवडताना एक काळजी घ्या, ही खास आपल्या लिपीतली. 'दुसऱ्यांदा' किंवा 'कऱ्हाड' यांतला अर्धा र दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात आणि फिल्टरमध्ये दोनदा दिसतात. म्हणून स्थितीचे शब्द साधे ठेवा, आणि शहराच्या नावावरून फिल्टर लावणार असाल तर कऱ्हाडचे पत्ते दोन्हीकडे शोधा.

पायरी ३ : रंग हाताने लावलाय की नियमाने, ते बघा

सेलला रंग दोन रस्त्यांनी येतो. एक, कुणीतरी बादलीच्या चिन्हावर दाबून भरलेला. दोन, 'कंडिशनल फॉरमॅटिंग'ने, म्हणजे एखादी अट पूर्ण झाली की आपोआप येणारा. दिसायला दोन्ही सारखे. ओळखायचे कसे? सेल निवडून भरलेला रंग 'नो फिल' करा. रंग गेला तर हाताने लावलेला होता, तसाच राहिला तर नियमाचा. बघून झालं की कंट्रोल-झेड करा.

सगळे नियम एकत्र पाहायचे तर 'होम' टॅबमध्ये 'कंडिशनल फॉरमॅटिंग', तिथे 'मॅनेज रूल्स', आणि वरच्या यादीतून 'धिस वर्कशीट' निवडा.

रंग नियमाचा निघाला तर तुमचं काम सोपं झालं. रंग शोधत बसायची गरज नाही, कारण अट शीटमध्ये आधीच लिहिलेली आहे. आमच्या शीटमध्ये बाकी रक्कम शून्याहून जास्त असेल तर सेल केशरी होत होती. मग केशरी कशाला शोधायचा? बाकी रकमेच्या रकान्यावरच 'शून्याहून जास्त' असा फिल्टर लावला आणि काम झालं.

पायरी ४ : रंगावर फिल्टर लावून शब्द भरा

आता मुख्य काम. शेवटच्या रकान्यानंतर एक नवा रकाना घाला आणि शीर्षक द्या 'स्थिती'. शीर्षकाच्या ओळीत कुठेही उभं राहून कंट्रोल-शिफ्ट-एल दाबा. प्रत्येक शीर्षकावर बाण येईल. ज्या रकान्यात रंग आहे त्याचा बाण उघडा, 'फिल्टर बाय कलर'वर जा. तिथे त्या रकान्यात वापरलेले भरणीचे रंग दिसतील, अक्षरांचे रंग असतील तर तेही खाली वेगळे दिसतील.

पायरी २ ची परीक्षा इथेच होते. यादीत तीन पिवळे दिसले तर तुमच्याकडे तीन छटा आहेत, डोळ्यांना एकच वाटत असला तरी.

एक रंग निवडा. खाली डाव्या कोपऱ्यात एकूण ओळींपैकी किती सापडल्या ते दिसतं, तो आकडा कागदावर लिहा. मग 'स्थिती' रकान्यातल्या समोर दिसणाऱ्या सेल निवडा, ऑल्ट आणि अर्धविरामाचं बटण दाबा. याने लपलेल्या ओळी निवडीतून सुटतात. शब्द टाइप करा आणि नुसतं एंटर न दाबता कंट्रोल-एंटर दाबा. सगळ्या दिसणाऱ्या ओळींत तो शब्द भरला जाईल. फिल्टर काढा, पुढचा रंग घ्या.

इथे तीन ठिकाणी माणूस फसतो.

पहिलं, फिल्टर एका रकान्यात एका वेळी एकच रंग घेतो. पिवळा आणि पोपटी एकत्र हवेत असं सांगता येत नाही. म्हणूनच आपण रंगामागून रंग घेत शब्द भरतोय, शब्द मात्र हवे तितके एकत्र निवडता येतात.

दुसरं, फिल्टर फक्त त्याच रकान्यातला रंग पाहतो. आमच्यातली एक जण पूर्ण ओळ रंगवायची, दुसरी फक्त नाव, तिसरी फक्त रक्कम. नावाच्या रकान्यावर फिल्टर लावला की तिसरीच्या सगळ्या खुणा गायब. म्हणून प्रत्येक रकान्याचा बाण उघडून 'फिल्टर बाय कलर' जागं आहे का ते एकदा बघून घ्या. एकाच ओळीत नाव पिवळं आणि रक्कम लाल असं सापडलं तर तिथे संगणकाला विचारू नका, ज्यांनी रंगवलं त्यांना विचारा.

तिसरं, फिल्टर लावलेला असताना दुसरीकडून अनेक ओळी कॉपी करून पेस्ट करू नका. पेस्ट लपलेल्या ओळींतही जातं आणि भलत्याच ग्राहकासमोर भलताच शब्द बसतो.

शेवटी 'नो फिल'वर फिल्टर लावून बिनरंगाच्या ओळींना शब्द द्या. मग 'स्थिती' रकान्यात एकही सेल रिकामी उरता कामा नये.

पायरी ५ : आडवी रेघ आणि ठळक अक्षरं

फिल्टरला रंग कळतो, पण खोडलेली किंवा ठळक अक्षरं कळत नाहीत. त्यासाठी शोध वापरायचा.

कंट्रोल-एफ दाबा, 'ऑप्शन्स' उघडा, 'फॉरमॅट' बटणावर दाबा. 'फॉन्ट' टॅबमध्ये 'स्ट्राइकथ्रू'वर खूण करा. शोधायच्या जागी काहीही लिहू नका. 'फाइंड ऑल' म्हणा. खाली यादी येईल. त्या यादीत एकदा क्लिक करून कंट्रोल-ए दाबलं की सगळ्या सापडलेल्या सेल शीटवर निवडल्या जातात. आता खिडकी बंद करा आणि त्या सेलना असा एखादा रंग भरा जो शीटमध्ये दुसरीकडे कुठेच नाही. मी जांभळा घेते. म्हणजे रेघेचं रूपांतर रंगात झालं, आणि रंगाचं शब्दात कसं करायचं ते पायरी ४ मध्ये झालंच आहे. जांभळा भरल्यावर त्या सेलचा आधीचा रंग जातो, म्हणून ही पायरी स्थितीचे शब्द भरून झाल्यावरच करा. रेघेसाठी वेगळा रकाना ठेवा, 'पत्ता बदल' अशा नावाचा.

'फॉरमॅट'च्या बाणाखाली 'चूज फॉरमॅट फ्रॉम सेल' असाही पर्याय आहे. सोपा वाटतो, एखादी नमुना सेल दाखवली की झालं. पण तो त्या सेलचं सगळं रूप उचलतो: फॉन्ट, आकार, कडा, आकड्यांची मांडणी. मग ज्या सेलवर रेघ आहे पण कड नाही ती सापडत नाही. मी तो वापरत नाही.

शोध संपला की 'क्लिअर फाइंड फॉरमॅट' करायला विसरू नका. एक्सेल ती अट लक्षात ठेवतं आणि तासाभराने तुम्ही साधं नाव शोधायला जाता तेव्हा 'सापडलं नाही' असं सांगतं.

एकाच सेलमध्ये अर्धा पत्ता खोडलेला आणि पुढे नवा लिहिलेला असेल तर तो हाताने नीट करा. सीएसव्हीत जुना आणि नवा पत्ता एकामागून एक जाईल आणि कुरियरवाल्याला कोणता खरा ते कळायचा मार्ग उरणार नाही.

पायरी ६ : गूगल शीट्स किंवा लिबरऑफिस असेल तर

गूगल शीट्समध्ये रंगावरून फिल्टर २०२० मध्ये आला. 'डेटा' मेनूतून 'क्रिएट अ फिल्टर', मग शीर्षकावरचं चिन्ह, 'फिल्टर बाय कलर', तिथे 'फिल कलर' किंवा 'टेक्स्ट कलर'. शीट सगळ्या जणी एकाच वेळी वापरत असतील तर साध्या फिल्टरऐवजी 'फिल्टर व्ह्यू' घ्या. नाहीतर तुम्ही पिवळ्या ओळी बघताय तेव्हा दुसरीच्या मोबाइलवरूनही बाकीच्या ओळी गायब होतात आणि तिला वाटतं की कुणी ऑर्डरी पुसल्या. ओळींना एक आड एक रंग देणाऱ्या 'अल्टरनेटिंग कलर्स'चे पट्टे या फिल्टरला दिसत नाहीत, ते धरू नका.

लिबरऑफिस कॅल्कमध्ये ही सोय ७.२ या आवृत्तीपासून, म्हणजे ऑगस्ट २०२१ पासून आहे. 'डेटा', 'ऑटोफिल्टर', आणि बाणाखाली रंगाचा पर्याय. त्याआधीची आवृत्ती असेल तर नवी घ्या, ती मोफत मिळते.

पायरी ७ : हेच काम रोज करायचं असेल तर

हंगामात एकदाच करायचं असेल तर ही पायरी सोडून सरळ पुढे जा. आम्हाला दिवाळीआधीचे तीन आठवडे रोज संध्याकाळी यादी काढावी लागायची, म्हणून मी सूत्रं शोधली.

सगळ्यात आधी सापडतं ते 'सेल' नावाचं सूत्र, ज्यात 'कलर' असा पर्यायही आहे. नाव बघून मी एक अख्खी संध्याकाळ त्यात घालवली. ते भरलेला रंग सांगतच नाही. उणे आकडे वेगळ्या रंगात दाखवायची मांडणी त्या सेलला आहे का, एवढंच ते १ किंवा ० मध्ये सांगतं. त्याच्या वाटेला जाऊ नका.

रंग सांगणारं जुनं सूत्र म्हणजे 'गेट.सेल'. जी-ई-टी, टिंब, सी-ई-एल-एल. हे एक्सेल ४ च्या काळातल्या मॅक्रो भाषेतलं (मॅक्रो म्हणजे एक्सेलकडून आपोआप काम करून घ्यायला लिहिलेल्या आज्ञा) आहे आणि थेट सेलमध्ये लिहिता येत नाही, नाव देऊन त्यामागे लपवावं लागतं. समजा रंग बी रकान्यात आहे आणि आकडा सी रकान्यात हवाय. आधी सी२ या सेलवर जाऊन उभे राहा. 'फॉर्म्युलाज'मध्ये 'नेम मॅनेजर', 'न्यू'. नाव द्या 'रंग', रोमन अक्षरांत. 'रेफर्स टू'च्या जागी बरोबरचं चिन्ह, गेट.सेल, आणि कंसात ६३, स्वल्पविराम, बी२. त्यात डॉलरचं चिन्ह आपोआप आलं असेल तर काढा. मग सी२ मध्ये बरोबरचं चिन्ह लिहून तेच नाव द्या आणि खालपर्यंत ओढा. ६३ च्या जागी २४ लिहिलं तर अक्षराचा रंग, २० लिहिलं तर ठळक आहे का, २३ लिहिलं तर आडवी रेघ आहे का ते कळतं. म्हणजे पायरी ५ चा खटाटोप एका आकड्यात होतो.

भरलेल्या रंगासाठी उत्तर म्हणून आकडा येतो. बिनरंगाला ०, नेहमीच्या रंगसंचात लालला ३, भडक पिवळ्याला ६.

याच्या मर्यादाही सांगते. उत्तर ५६ रंगांच्या जुन्या संचातून येतं, त्यामुळे जवळजवळच्या दोन छटांना एकच आकडा मिळू शकतो. आमचे दोन पिवळे एकत्र आले हे सोयीचं होतं, पण दोन हिरवे एकत्र आले असते तर गोंधळ झाला असता, म्हणून आधी दोन्ही रंगांच्या सेलवर चालवून बघा. नियमाने आलेला रंग याला दिसत नाही. रंग बदलल्यावर उत्तर आपोआप बदलत नाही, कंट्रोल-ऑल्ट-एफ९ दाबून पुन्हा गणित करायला लावावं लागतं. मी यादी काढण्याआधी ते नेहमी दाबते, सवयच करून घेतली आहे. फाइल मॅक्रोवाल्या प्रकारात, म्हणजे 'मॅक्रो-एनेबल्ड वर्कबुक' म्हणून ठेवावी लागते. आणि सुरक्षेसाठी मायक्रोसॉफ्टने या जुन्या मॅक्रो आता आपोआप बंद ठेवल्या आहेत. 'ट्रस्ट सेंटर'मध्ये परवानगी द्यावी लागते, आणि ऑफिसच्या संगणकावर ती बहुधा मिळत नाही.

व्हीबीए, म्हणजे एक्सेलमध्ये मॅक्रो लिहायची आजची भाषा, येत असेल तर 'इंटेरिअर.कलर' हा गुणधर्म नेमकी छटा देतो: लाल २५५, भडक पिवळा ६५५३५. बिनरंगाची आणि पांढऱ्या रंगाने भरलेली सेल मात्र दोन्ही १६७७७२१५ सांगतात, त्यामुळे त्या दोन्हींत फरक करायचा असेल तर 'कलरइंडेक्स' बघा. नियमाने आलेला रंगही धरायचा असेल तर एक्सेल २०१० पासून 'डिस्प्लेफॉरमॅट' आहे. पण ते सेलमध्ये लिहिलेल्या स्वतःच्या सूत्रातून चालत नाही, मॅक्रो म्हणूनच चालवावं लागतं.

गूगल शीट्समध्ये 'एक्स्टेन्शन्स'मधून 'ॲप्स स्क्रिप्ट' उघडा. 'गेट-बॅकग्राउंड्स' ही आज्ञा पूर्ण पट्ट्याचे रंग एकदम देते. पिवळा म्हणजे हॅश, चार वेळा एफ आणि दोन शून्यं. बिनरंग म्हणजे हॅश आणि सहा वेळा एफ. रेघेसाठी 'गेट-फॉन्ट-लाइन्स', ठळकसाठी 'गेट-फॉन्ट-वेट्स'. एकेक सेल विचारत बसू नका, फार वेळ लागतो आणि स्क्रिप्ट सहा मिनिटांनी थांबवली जाते. पूर्ण रकाना एकदम वाचा, शब्द ठरवा, 'स्थिती' रकान्यात एकदम लिहा. रंग सांगणारं स्वतःचं सूत्र करण्यापेक्षा बटण दाबून चालवायची स्क्रिप्ट बरी, कारण अशा सूत्राला सेलचा मजकूर मिळतो, सेल मिळत नाही, आणि रंग बदलला तरी ते जुनंच उत्तर दाखवत बसतं.

पायरी ८ : हव्या ओळी नव्या पानावर न्या

ज्या पायरीने मला फसवलं ती ही. फिल्टर लावलेल्या शीटवरूनच सीएसव्ही काढू नका.

'स्थिती' रकान्यात हवे ते शब्द निवडून फिल्टर लावा. आमच्याकडे 'पाठवा' आणि 'भरलेला'. दिसणारा भाग निवडा, ऑल्ट-अर्धविराम, कंट्रोल-सी. नवी फाइल उघडा, त्यात 'पेस्ट स्पेशल' मधून 'व्हॅल्यूज अँड नंबर फॉरमॅट्स' घ्या, म्हणजे सूत्रं मागे राहतात आणि तारखा तारखांसारख्या राहतात. नवीच फाइल कशाला? कारण एक्सेल सीएसव्ही करताना फक्त समोरचं पान ठेवतं. जुन्याच फाइलमध्ये केलं आणि चुकून दुसरं पान समोर असलं, तर चुकीचं पान जातं.

मग रकाने पोर्टलच्या नमुन्याप्रमाणे लावा. 'स्थिती' रकाना इथे काढून टाकला तरी चालेल, तो प्रतीत आहेच.

पत्त्यांमध्ये ऑल्ट-एंटर दाबून केलेल्या नव्या ओळी असतील तर त्या काढा. अनेक पोर्टलं त्यांना नवी ऑर्डर समजतात. 'फाइंड अँड रिप्लेस'मध्ये शोधायच्या जागी कंट्रोल-जे दाबा (जागा रिकामीच दिसेल, तरी काम होतं) आणि बदलायच्या जागी एक मोकळी जागा द्या.

पायरी ९ : सीएसव्ही म्हणून ठेवा

'सेव्ह ॲज' मध्ये एकाहून जास्त सीएसव्ही दिसतील. 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच घ्या, म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिप्यांची अक्षरं टिकतात (खूप जुन्या एक्सेलमध्ये हा पर्याय नसतो, तेव्हा हे शेवटचं काम लिबरऑफिस किंवा गूगल शीट्समध्ये करा). साधा 'सीएसव्ही' घेतला तर देवनागरीतली नावं प्रश्नचिन्हं होऊन जातात आणि ती परत आणता येत नाहीत. लिबरऑफिसमध्ये ठेवताना येणाऱ्या खिडकीत 'युनिकोड यूटीएफ-८' निवडा. गूगल शीट्सची सीएसव्ही यूटीएफ-८ मध्येच उतरते.

आता शून्याचा प्रश्न. आपले पिनकोड शून्याने सुरू होत नाहीत, म्हणून इथे कुणाला सवय नसते. पण अमेरिकेत न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्सचे झिपकोड शून्याने सुरू होतात. एडिसनचा ०८८२० एक्सेलमध्ये टाइप केला की ८८२० होतो. तो रकाना आधीच 'टेक्स्ट' प्रकारचा करून मग कोड भरा. आधी भरून नंतर 'टेक्स्ट' केलं तर गेलेलं शून्य परत येत नाही.

लांब आकड्यांचंही असंच. एक्सेल आकड्यातले १५ अंकच धरून ठेवतं, सोळावा शून्य होतो. फराळात हे आलं नाही, पण यादीत १६ अंकी बँक खाते क्रमांक असतील तर तो रकानाही 'टेक्स्ट'च हवा.

पायरी १० : तपासल्याशिवाय चढवू नका

तयार झालेली सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून तपासू नका. उघडताना एक्सेल शून्यं पुन्हा खातं, आणि तुम्ही त्यावर 'सेव्ह' दाबलं तर चांगली फाइल बिघडते. नोटपॅडमध्ये उघडा.

तिथे या गोष्टी बघा. नावं देवनागरीत नीट दिसतात का. एडिसनच्या पत्त्यात शून्य आहे का. शीर्षक धरून एकूण ओळी तुमच्या कागदावरच्या आकड्याहून बरोबर एकने जास्त आहेत का. आणि रद्द झालेल्या दोनतीन ग्राहकांची नावं कंट्रोल-एफने शोधा. ती सापडता कामा नयेत. ही शेवटची तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. त्या वर्षी मी ती केली असती तर ते ९ डबे निघालेच नसते.

पोर्टलवर पहिल्यांदा पाचच ओळींची फाइल चढवून बघा. लेबलं बरोबर आली की बाकीच्या चढवा.

पुढच्या हंगामासाठी

आता आम्ही शीट उलट्या बाजूने चालवतो. 'स्थिती' रकाना पहिल्या दिवसापासून असतो आणि त्यात 'डेटा व्हॅलिडेशन'ने केलेली यादी असते (गूगल शीट्समध्ये 'इन्सर्ट', 'ड्रॉपडाउन'). शब्द टाइप करायचा नाही, यादीतून निवडायचा. त्यामुळे 'रद्द'च्या पुढे चुकून पडलेली मोकळी जागाही येत नाही. मग पूर्ण तक्ता निवडून 'कंडिशनल फॉरमॅटिंग'मध्ये सूत्राचा नियम द्यायचा: बरोबर, डॉलर, स्थितीच्या रकान्याचं अक्षर, २, बरोबर, आणि दुहेरी अवतरणात 'रद्द'. डॉलर फक्त रकान्याच्या अक्षराआधी, आकड्याआधी नाही, म्हणजे पूर्ण ओळ रंगते. प्रत्येक शब्दाला एक नियम.

रंग पूर्वीचेच ठेवलेत. पिवळा, पोपटी, हिरवा, लाल. मावश्यांची नजर त्यांना सरावलेली आहे आणि डबे भरताना मोबाइलवर त्या रंगच बघतात. पहिल्या आठवड्यात दोघी सवयीने बादलीवरच दाबत होत्या, म्हणून रोज संध्याकाळी मी एकदा 'फिल्टर बाय कलर' लावून बघायची, कुठे शब्दाविना रंग आहे का. दुसऱ्या आठवड्यात एकही सापडला नाही.